वर काय?

मन्मथअप्पांच्या दुकानात काटा खाली बसला तरी माल पडायचा थांबत नसे. तोलून झालं की अप्पा पोत्यात हात घालत आणि एक मूठ वरून पारड्यात टाकत. गिऱ्हाईक पोतंभर गहू नेणारं असो की पावकिलो साखर नेणारं, मूठ तेवढीच. धारूरच्या पेठेत तिला ‘वरची मूठ’ म्हणत. बाकीचे दुकानदार या मुठीवर चिडून होते, कारण गिऱ्हाईक ती त्यांच्याकडेही मागू लागलं होतं.

अप्पा ही मूठ जशी देत तशी मागतही. कुणी काहीही विकायला आलं, सांगायला आलं, की ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि दोनच शब्द विचारत, “वर काय?” मुलीसाठी लातूरचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या वडिलांनी शेती सांगितली, नोकरी सांगितली, घर सांगितलं. अप्पा म्हणाले, “वर काय?” मुलाचे वडील गोंधळले. मुलीच्या बापाने असं विचारायची रीत नव्हती. अप्पांनी खुलासा केला, “पोराला भाकरी थापता येती का?” पोराला येत होती. लग्न ठरलं.

मी तेव्हा बीडच्या एका दैनिकाचा धारूरचा बातमीदार होतो आणि अप्पांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. संध्याकाळी बातम्या फोनवर सांगायच्या आधी मी अप्पांना त्या वाचून दाखवत असे. एकदा वाचलं, घाटात ट्रक उलटला, चालक जखमी. “वर काय?” अप्पा म्हणाले. ट्रकात काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. परत घाटात गेलो. साखर होती, पोत्यांवर रेशनचे शिक्के होते आणि ट्रकचं तोंड गोदामाच्या उलट दिशेला होतं. ती माझी पहिल्या पानावरची पहिली बातमी. बातमीदारीचा तेवढा एकच धडा मला कुणी दिला, आणि तो देणारा किराणा दुकानदार होता.

अप्पा तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. सकाळी दुकान उघडण्याआधी ते लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसत आणि पाव तास त्याच्याकडे पापणी न हलवता पाहत. नंतर मला लिंगायतांचा नमस्कार घालत, “शरणार्थ, पेपरवाले.” मग दिवस सुरू होई.

गावात त्यांच्याबद्दल एक तक्रार होती. अप्पा समोरून आलेल्याला हात जोडत, पण बाजूने गेलेल्याला ओळख देत नसत. पेठेतून चालताना मान सरळ, डावीकडे बघणं नाही, उजवीकडे बघणं नाही. पैसा आला तशी अप्पाची मान ताठ झाली, असं लोक म्हणू लागले. दुकानात बाजूने कुणी नोट पुढे केली तर ती त्यांच्या लक्षात येत नसे. डोक्यावर टांगलेल्या दोरखंडांना ते दिवसातून दोनदा धडकत आणि ती कुणी टांगली म्हणून घरात विचारत. टांगलेली त्यांनीच असत.

पैसा खरोखर थोडा आला होता. सगळीकडेच नव्या वस्तू येत होत्या. बिस्किटांचे चकचकीत पुडे धारूरला पोचले होते, शाम्पू पुडीत मिळू लागला होता, आणि वाण्याच्या घरात रंगीत टीव्ही असणं ही बातमी राहिली नव्हती. अप्पांनी तीन वर्षांत दोन टीव्ही घेतले. सोमवारी दुपारी दुकान बंद ठेवून ते सिनेमा लावत. सिनेमाच्या बाबतीत त्यांचं वागणं विचित्र होतं. गाणी ते पुढे पळवत. मारामारी आली की पुढे सरकून बसत आणि वैतागत. पहिला टीव्ही लहान म्हणून दुसरा घेतला, तर त्यातही चित्र कापलं जातं अशी तक्रार. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा रशीद तीन वेळा येऊन पडदा बघून गेला.

“अप्पा, चित्र पुरं हाय. चारी कोपरे दिसायलेत.”

“मग ही माणसं अचानक कुठून उगवायलीत बे?” अप्पा म्हणाले. “दोघं बोलत असतेत अन् तिसरा एकदम मदीच. आला कुठून, ते दावायला पायजे का नको?”

रशीद माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

पुढे अप्पा लातूरला व्याह्यांकडे जाऊन आले. व्याह्यांच्या घरी पाच स्पीकरचं मशीन होतं. समोर तीन, मागे दोन. सिनेमात मोटार मागून आली तेव्हा आवाज आधी पाठीमागे झाला, मग डाव्या कानाजवळून समोर गेला. अप्पा तीन दिवस तेच सांगत होते. “माणूस यायच्या आदी कळतंय, पेपरवाले. दार कुठल्या बाजूचं वाजलं ते कळतंय. आपल्या मशीनमदी सगळी दुनिया समोरच्या भिंतीत कोंबलीय.”

आपलं मशीन म्हणजे रशीदने सुटे भाग जोडून केलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी खोकी. त्याच्या जागी रिसिव्हर घ्यायचा असं ठरलं. पेठेत आधी सगळ्यांना वाटलं की अप्पा टेलिफोन घेतायत. मग कुणीतरी म्हणालं, डॉल्बी घेतायत, लग्नात भाड्याने देणार. रशीदने मला रिसिव्हर समजावला आणि मी अप्पांना. चकतीतला आवाज त्याच्यात येतो, तो त्याचे पाच वाटे करतो आणि ज्याचा वाटा त्या स्पीकरला देतो. “म्हंजे कारभारी,” अप्पा म्हणाले. “वाटे नीट करणारा पायजे. वाटेकऱ्यांचं नंतर बघू.” मर्यादित पैशात घरच्या सिनेमाचं मशीन कसं घ्यावं, याचं याहून नेमकं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

तेरा हजार रुपये होते. त्यावर एक रुपया नाही. माहितीपत्रकं इंग्रजीत होती, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना आम्ही बसलो. अप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, उलगडला आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या दुकानात कोऱ्या पाठीचा कागद कधी वाया जात नसे. मी तीन रकाने आखले.

पहिलं मशीन नऊ हजारांचं, पाचही स्पीकर खोक्यातच, आणि खोक्यावर भल्या मोठ्या अक्षरांत ‘एक हजार वॅट’. अप्पांनी विचारलं, मशीन वीज किती खातं. मी पत्रकाच्या शेवटच्या ओळीतला आकडा वाचला. साठ वॅट.

“साठ घेतंय अन् हजार देतंय? मग वीज मंडळ कावून चालवतेत? हेच बसवा म्हणावं धरणावर.”

पहिला रकाना मी खोडला. तिसरं मशीन एकोणीस हजारांचं होतं. त्यात मागे एक स्पीकर जास्त होता, पण अप्पांच्या मधल्या खोलीत मागे लगेच भिंत होती. दुसरं त्याच कंपनीचं गेल्या वर्षीचं होतं, साडेबारा हजार, नुसता रिसिव्हर. समोरची खोकी आपलीच वापरायची, बाकीचे तीन स्पीकर रशीद बसवून देणार. “वर काय?” अप्पांनी विचारलं. मी शोधलं. प्रत्येक स्पीकर बसणाऱ्यापासून किती फुटांवर आहे हे त्या मशीनला सांगता येत होतं, म्हणजे जवळचा आवाज थोडा थांबून सगळे बरोबर पोचतात.

अप्पा म्हणाले, “कोण किती लांब हाय, ते त्याला कळतं.” मी दुसऱ्या रकान्याखाली रेघ मारली, कागदाची घडी केली आणि दुकानदाराशी बोलताना लागेल म्हणून खिशात ठेवली.

बुधवारी पहाटेच्या गाडीने आम्ही औरंगाबादला निघालो. अप्पांनी मला सोबत घेतलं ते इंग्रजीसाठी, असं मी समजलो. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या पत्नीची, शिवकांताकाकूंची, म्हैस विकली गेली होती. कडबा महागला म्हणून विकली असेल, असंही मी समजलो. आदल्या दिवशी काकूंनी मधल्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना जाड काळे पडदे लावले होते. ते सिनेमासाठी, असं मी समजलो. निघताना काकू दारात आल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊ, नीट सांभाळून आणा. लई नाजूक असतं म्हणतेत. धक्का लागू देऊ नका.” मी म्हणालो, “काळजी करू नका काकू, मांडीवर घेऊन येतो.” काकूंनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. पण गाडीची वेळ झाली होती.

औरंगाबादच्या दुकानात अप्पांनी विक्रेत्याला गाणं लावू दिलं नाही. चालणाऱ्या पावलांचा आवाज असलेला प्रसंग लावायला सांगितला आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. विक्रेता म्हणाला, “काका, चित्र इकडे आहे.” अप्पा म्हणाले, “चित्राचे पैसे मी दिलेत आदीच. तुमी आवाज दावा.” पावलं डावीकडून उजवीकडे गेली तसं त्यांचं बोट डावीकडून उजवीकडे गेलं. तीनदा लावून त्यांनी खात्री केली. व्यवहार ठरल्यावर ‘वर काय?’ झालंच. मागच्या स्पीकरसाठी दहा मीटर वायर मिळाली. रात्री आम्ही मठात मुक्काम केला आणि सकाळची गाडी धरली. दोन्ही दिवस अप्पा खुशीत होते. फक्त जाताना बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात रिक्षावाल्याने कुठं सोडू असं विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर द्यायला फार वेळ लावला.

गुरुवारी दुपारी आम्ही धारूरला उतरलो. खोकं माझ्या डोक्यावर होतं. काकू दारात उभ्या होत्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. आजारातून घरी परतलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात, तसा. मला त्याचा अर्थ लागेना. काकूंनी अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं.

“पट्टी कुठाय?”

काकू माझ्याकडे वळल्या. “भाऊ, पट्टी कुठाय?”

खोक्याला पिवळी प्लास्टिकची पट्टी होती. मी म्हणालो, “आहे की काकू. अजून सोडली नाही.”

त्या क्षणी काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते लिहायला मला शब्द सापडत नाही, आणि शब्द शोधणं हा माझा तेव्हा रोजचा धंदा होता. त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. मग एकेक वाक्य करून त्यांनी मला सांगितलं. अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. दोन्ही बाजूंची नजर दोन-तीन वर्षांपासून जातेय, आता मधलीच तेवढी राहिलीय. औरंगाबादच्या डॉक्टरांनी बुधवारी ऑपरेशनला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून घरी सोडणार होते. म्हैस त्यासाठी विकली. पडदे त्यासाठी लावले, उजेड सोसत नाही म्हणून. आणि गावात कुणाला सांगायचं नाही, मशीनचं निमित्त सांगायचं, असं अप्पांनी बजावलं होतं, कारण वाण्याला दिसत नाही हे कळलं की गिऱ्हाईक काट्यावर विश्वास ठेवत नाही.

मी खिशातला कागद काढला आणि उलटला. दवाखान्याचं नाव, अप्पांचं नाव, दोन्ही डोळ्यांचे आकडे, दाखल होण्याचा वार आणि तारीख. माझ्या तीन रकान्यांच्या बरोबर मागे. शाई पलीकडे थोडी फुटली होती.

अप्पा ओसरीवर बसले. त्यांचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलतानाचाच होता.

“मी डॉक्टरला इचारलं, ऑपरेशन केल्यावर किती दिसंल? तो म्हणला, आता दिसतंय तेवढंच. गेलेलं न्हाई येणार. मी म्हणलं, वर काय? तो म्हणला, वर काही न्हाई. मग तेरा हजार कशाचे? लिंग हातावर दिसतंय. काट्याची सुई दिसती. आहे ते तर आहेच की. म्हणला, आता न्हाई केलं तर हेबी जाईल. आता घ्या न्हाई तर मिळणार न्हाई, हे मीबी सांगतोय गिऱ्हाइकाला. रोज सांगतोय.”

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“दुकानात मांजर पाळली,” त्या म्हणाल्या. “रोज दूध घालता. ती तुमाला वर काय देती?”

काकूंनी भाकरीचा तुकडा गटारीत टाकला आणि त्या आत गेल्या. नवऱ्याशी त्या बोललेलं ते शेवटचं वाक्य.

हे मला तेव्हा कळलं नाही. अबोला आमच्याकडच्या घरांत काही नवीन नसतो. चार दिवस टिकतो, सण आला की सुटतो. काकू जेवण वाढत, धोतर धूत, दुकानात मदत करत, माझ्याशी आणि शेजारणींशी पूर्वीसारख्याच बोलत. फक्त अप्पांशी नाही. मी अप्पांच्या मागे लागलो की अजून वेळ आहे, पैसे उभे करू. ते म्हणत, दिवाळी होऊ द्या. मशीन परत घ्यायला तो विक्रेता तयार नव्हता.

मशीन मात्र उत्तम निघालं. रशीदने मागचे स्पीकर बसवले, मी फुटपट्टीने अंतरं मोजून मशीनला सांगितली. सोमवारी मधली खोली माणसांनी भरू लागली. काळ्या पडद्यांमुळे दुपारी गच्च अंधार होई. अप्पा मध्यभागी बसत आणि दुश्मन पडद्यावर येण्याआधी सांगत, “आला बरं का, उजव्या दारानं.” पोरं टाळ्या पिटत. अप्पांचा चेहरा इतका मोकळा मी आधी कधी पाहिला नव्हता. हे लिहिणं मला जड जातं, पण ते खरं आहे.

संक्रांतीनंतर एका सकाळी गूळ तोलताना खडा पारड्याच्या बाहेर पडला. समोरची बाई हसली. अप्पांनी दुसरा खडा उचलला, तोही बाहेर पडला. बाईचं हसू थांबलं. त्या दिवशी अप्पांनी स्वतःच मला म्हटलं, “चला.”

डॉक्टरांनी तपासलं आणि अप्पांना न विचारता मला विचारलं, इतके महिने कुठे होतात? आता कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

परतताना गेवराईच्या स्थानकावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझा हात चाचपून धरला.

“पेपरवाले, तो कागद त्या दिशी तुमी उलटून पायला असता, तर काय केलं असतं?”

“ओढत दवाखान्यात नेलं असतं,” मी म्हणालो.

“हां,” ते म्हणाले. “मग मी तो तुमालाच कावून दिला असंल?”

माजलगाव आलं, गेलं. धारूर आलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी किंवा नंतर कधीच.

त्यानंतर तीन महिन्यांनी माझी बदली बीडच्या कचेरीत झाली. दोन वर्षांनी एका निवडणुकीच्या कामासाठी धारूरला गेलो तेव्हा पेठेत शिरलो. दुकानात काकू बसल्या होत्या. काटा त्याच चालवत होत्या. त्यांनी मला बाहेरच्या फळीवर बसवलं, लातूरच्या नातवाचं कौतुक सांगितलं. मग मी विचारलं, अप्पांशी अजून बोलत नाही का?

“आदी अबोला रागानं धरलता, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मग म्हणलं, डोळे गेले असं सोताच्या तोंडानं सांगतील, तवा सोडीन. त्यांनी सांगितलंच न्हाई. मशीन मोठं करून बसले. आता इतके दिस झाले की पहिला शब्द काय बोलावा, तेच कळत न्हाई.”

आत मधल्या खोलीत सिनेमा चालू होता. अप्पा एकटेच होते. पडद्याकडे त्यांचं तोंड नव्हतं, थोडं तिरपं होतं. माझं पाऊल ऐकून त्यांनी लगेच ओळखलं, आनंदाने जवळ बसवलं, बातम्या विचारल्या. मग आवाज कमी केला आणि हळूच म्हणाले, “ती घरात हाय का, बगा जरा. दिसभर कळत न्हाई मला. ताट येतं, पाणी येतं, माणूस कुठं हाय ते कळत न्हाई.”

काकू चहा घेऊन त्यांच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, सांगू नका म्हणून. त्या पुढे आल्या, अप्पांचा हात धरून त्यात कप ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून कपाभोवती दुमडली. अप्पांनी दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट पकडलं. पाचही स्पीकरमधून कुणीतरी धावत होतं. मग त्यांनी मनगट सोडलं.

काकू अनवाणी, डाव्या दाराने बाहेर गेल्या. अप्पांनी मान उजवीकडे वळवली आणि त्या बाजूला बघत राहिले.